लेखी, तोंडी आणि समक्ष : मोटारविक्रेत्याशी होणाऱ्या व्यवहाराचा एक भाषिक विचार

१

मराठीत व्यवहाराच्या तीन रीतींना तीन स्वतंत्र शब्द आहेत : लेखी, तोंडी आणि समक्ष. पहिल्या शब्दात लेखन आहे, दुसऱ्यात तोंड आहे. तिसऱ्यात मात्र भाषेचा संबंधच नाही, तेथे 'अक्षि' म्हणजे डोळा आहे. जे डोळ्यांदेखत झाले ते समक्ष. ह्या तीन शब्दांची फारकत आज आपल्याला स्वाभाविक वाटते. परंतु निरोप्याचा अपवाद सोडला, तर दूरध्वनीच्या शोधापूर्वी (१८७६) तोंडी व्यवहार हा बहुधा समक्षच असे. आवाज शरीरापासून वेगळा झाला तो तारेवरून. पुढे १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन ह्यांनी एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पत्र धाडण्याची व्यवस्था केली, आणि बोलण्याचा वेग पत्राच्याही वाट्याला आला. तेव्हापासून लेखी, तोंडी आणि समक्ष हे तीन मार्ग एकाच व्यवहारासाठी एकाच वेळी खुले आहेत, आणि त्यांतून निवड करणे हा व्यवहाराचाच एक भाग झाला आहे.

ह्या निवडीने नेमके काय बदलते, असा प्रश्न प्रस्तुत लेखात विचारावयाचा आहे. त्यासाठी उदाहरण घेतले आहे ते मोटारखरेदीचे, आणि तेही प्रथम अमेरिकेतील मोटारखरेदीचे. विषय भाषासाहित्याच्या नियतकालिकाला काहीसा परका वाटेल. परंतु मौखिक आणि लिखित परंपरांचा भेद आपण ओवी, बखर आणि कीर्तन ह्यांच्या संदर्भात वर्षानुवर्षे चर्चितो. तोच भेद माणसाच्या खिशाला कसा जाणवतो, हे पाहण्यास हरकत नसावी.

मोटारच का, ह्याचे उत्तर सरळ आहे. ज्या दुकानात 'एकच भाव' अशी पाटी लागली आहे तेथे माध्यमाला महत्त्व नसते. पत्राने विचारा की दारात जाऊन विचारा, भाव तोच. जेथे भाव हा संभाषणातून घडतो, तेथे संभाषणाचे माध्यम भावात उतरते. अमेरिकेत किराणा, कापड, औषधे ह्यांतून घासाघीस केव्हाच हद्दपार झाली. नव्या मोटारीच्या खरेदीत ती टिकून राहिली आहे.

२

ती टिकण्याची कारणे त्या व्यापाराच्या रचनेत आहेत. तेथील बऱ्याच राज्यांत असे कायदे आहेत की उत्पादकाने नवी मोटार थेट ग्राहकास विकू नये. ती नेमलेल्या विक्रेत्यामार्फतच जावी. १९५८ च्या एका कायद्याने प्रत्येक नव्या मोटारीच्या काचेवर किमतीचा तपशील देणारे पत्रक चिकटवणे बंधनकारक झाले. कायदा पुढे रेटणारे ओक्लाहोमाचे सिनेटर मन्रोनी ह्यांच्या नावानेच ते पत्रक आजही ओळखले जाते. त्यावर गाडीची मूळ किंमत, जोडलेल्या सोयींच्या किमती आणि वाहतूकखर्च छापलेला असतो. परंतु तेथे छापलेली किंमत ही उत्पादकाने 'सुचवलेली' किंमत असते. आपल्याकडे बंद पाकिटावर छापलेली कमाल किंमत हे बंधन असते. ही केवळ सूचना. विक्रेता त्याहून कमी घेऊ शकतो आणि मागणी असली तर अधिकही. सूचना आणि बंधन ह्यांमधल्या ह्या मोकळ्या जागेत सारा संवाद घडतो.

हा संवाद समक्ष घडतो तेव्हा त्याचे वर्णन करण्यास भरताच्या नाट्यशास्त्रातील चार अभिनयांइतकी नेमकी परिभाषा मला दुसरी सापडत नाही. आहार्य म्हणजे सजावट : प्रखर दिवे, धुऊन पुसून उभी केलेली गाडी, नव्या आसनांचा वास, विक्रेत्याचा पोशाख. आंगिक : हस्तांदोलन, दार उघडून धरणे, किल्ली ग्राहकाच्या तळहातावर ठेवणे. वाचिक : नावाने वारंवार साद घालणे, 'तुमची गाडी' असा भविष्याला वर्तमानात ओढणारा शब्दप्रयोग. आणि सात्त्विक : घाम, संकोच, ओशाळलेपण. हा चौथा अभिनय मात्र विक्रेत्याचा नसून ग्राहकाचा असतो, आणि विक्रेता त्याचा जाणता प्रेक्षक असतो. ग्राहक किती थकला आहे, त्याला गाडी किती आवडली आहे, बरोबर आलेली मुले किती कंटाळली आहेत, हे सर्व त्याला न विचारता वाचता येते.

ह्या रंगभूमीला नेपथ्यही आहे. भाव काही पायऱ्या उतरला की विक्रेता म्हणतो, 'व्यवस्थापकांना विचारून येतो', आणि आत जातो. आतला माणूस ग्राहकाला सहसा दिसत नाही. त्याचा शब्द तेवढा बाहेर येतो. आपल्या नाटकांतील 'नेपथ्ये' ह्या सूचनेशी ही रीत ताडून पाहण्याजोगी आहे. जो दिसत नाही त्याच्याशी वाद घालता येत नाही, आणि जो समोर आहे तो तर 'तुमच्याच बाजूचा' असतो.

समक्ष व्यवहारातही लेखन असते, हे विसरता कामा नये. फक्त लेखणी विक्रेत्याच्या हाती असते. तेथील जुनी रीत अशी की, कोऱ्या कागदावर फुलीची आडवी-उभी रेघ मारून चार चौकोन करावयाचे : गाडीची किंमत, जुन्या गाडीचे मोल, आरंभी भरावयाची रक्कम आणि मासिक हप्ता. ग्राहक एका चौकोनावर भांडत असता दुसऱ्या चौकोनातून वसुली होते. उदाहरणार्थ, २०,००० डॉलरांचे कर्ज दरसाल ६ टक्के व्याजाने ६० महिन्यांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे ३८७ डॉलर पडतो. तेच ७२ महिन्यांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे ३३१ डॉलरांवर येतो. हप्ता ५५ डॉलरांनी उतरला म्हणून ग्राहक समाधान पावतो. प्रत्यक्षात त्याचा एकूण भरणा सुमारे ६६५ डॉलरांनी वाढलेला असतो. किंमत एका पैशानेही कमी झालेली नसते. हे गणित कठीण नाही. परंतु ते समोरच्या माणसाच्या नजरेखाली, त्याच्याच कागदावर, त्याने ठरवलेल्या वेगाने करावयाचे असते, आणि तेथेच ते कठीण होते.

३

दूरध्वनीवर चारांपैकी वाचिक अभिनय तेवढा उरतो. गाडी दिसत नाही, दिवे दिसत नाहीत, उठून जाण्याचा संकोच उरत नाही. यंत्र ठेवून दिले की झाले. म्हणून दूरध्वनी हा ग्राहकाला समक्ष भेटीपेक्षा सोयीचा आहे, असे सामान्यतः मानले जाते आणि ते काही अंशी खरे आहे. ठरावीक गाडी शिल्लक आहे काय, कोणत्या रंगात आहे, ती कधी पाहता येईल, अशा प्रश्नांना त्याहून जलद साधन नाही.

परंतु आवाजही उघडा असतो. त्यातून वय कळते, लिंग कळते, प्रांत कळतो. शिवाय तोंडी बोललेले हवेत विरते. दूरध्वनीवर ठरलेला सौदा नेमका कोठे ठरला, हा प्रश्न आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता, आणि त्याचा संबंध महाराष्ट्राशी आहे, हे वाचकांपैकी काहींना ठाऊक असेल. २२ जुलै १९५९ रोजी अहमदाबादची एक पेढी आणि खामगावचा एक कारखाना ह्यांच्यात सरकीच्या पेंडीचा सौदा लांब पल्ल्याच्या दूरध्वनीवरून झाला. माल आला नाही, म्हणून अहमदाबादेत दावा गुदरला गेला. कारखान्याचे म्हणणे असे की, होकार आम्ही खामगावी उच्चारला, तेव्हा करार खामगावी झाला. १९६५ च्या निकालात बहुमताने ठरले की, होकार जेथे ऐकला गेला तेथे, म्हणजे अहमदाबादेस, करार पूर्ण झाला. टपालाचा नियम वेगळा आहे. तेथे होकाराचे पत्र पेटीत पडताच प्रस्ताव करणारा बांधला जातो. दूरध्वनीला तो नियम लावण्याच्या बाजूने न्यायमूर्ती हिदायतुल्ला ह्यांनी भिन्नमत नोंदविले.

साहित्याच्या अभ्यासकाला ह्या निकालात एक महत्त्वाची गोष्ट दिसावी. कायद्याने तोंडी शब्दाचे घर वक्त्याच्या मुखात नव्हे, तर श्रोत्याच्या कानात मानले. उच्चार पुरेसा नाही, श्रवण हवे. मौखिक परंपरेविषयी आपण जे सिद्धांतरूपाने म्हणतो, ते येथे पेंडीच्या पोत्यांच्या निमित्ताने न्यायालयाने सांगितले. आणि त्याबरोबरच तोंडी व्यवहाराची दुर्बलताही उघड झाली. सौदा नेमका कोठे पूर्ण झाला, हेच ठरवून घेण्यासाठी दोन्ही पक्षांना वर्षे खर्चावी लागली.

४

आता लेखी मार्गाकडे वळू. प्लेटोच्या 'फीड्रस' ह्या संवादात सॉक्रेटीसाने लेखनावर घेतलेले आक्षेप प्रसिद्ध आहेत. लिहिलेले शब्द प्रश्न विचारला असता उत्तर देत नाहीत, तेच ते पुन्हा सांगतात. आपण कोणाशी बोलत आहोत हे त्यांना कळत नाही, म्हणून ते सर्वांशी सारखेच बोलतात. ज्ञानसंपादनाच्या दृष्टीने हे दोष असतील. परंतु सौद्यातील दुर्बल पक्षाच्या दृष्टीने पाहता हेच गुण ठरतात, असे माझे प्रतिपादन आहे. पत्राला आडवेतिडवे प्रश्न विचारून कोंडीत पकडता येत नाही. पत्र ओशाळत नाही. ते पाच विक्रेत्यांना सारखेच विचारते. आणि पाचांची उत्तरे शेजारी ठेवून वाचता येतात, जे पाच संभाषणांच्या बाबतीत शक्य नाही.

ह्याला अनुभवाचाच नव्हे, संशोधनाचाही आधार आहे. अमेरिकेतील विधिज्ञ इयन एअर्स ह्यांनी शिकागो परिसरात केलेली पाहणी १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. एकच पढवलेली पद्धत वापरून घासाघीस करणारे निरनिराळे ग्राहक विक्रेत्यांकडे पाठविण्यात आले. गोऱ्या पुरुषांना जो नफा धरून भाव सांगितला गेला, त्याच्या तुलनेत गोऱ्या स्त्रियांना ४० टक्के अधिक, कृष्णवर्णीय पुरुषांना दुपटीहून अधिक आणि कृष्णवर्णीय स्त्रियांना तिपटीहून अधिक नफा धरून भाव सांगितला गेला. पुढे पीटर सीगलमन ह्यांच्यासह केलेल्या, ३०० हून अधिक जोडभेटींच्या १९९५ मधील अभ्यासात आकड्यांचा क्रम बदलला. कृष्णवर्णीय पुरुष सर्वांत महागात पडले. पण भेद राहिलाच. शब्द तेच, मोटार तीच. वेगळे होते ते शरीर.

ह्याच्या जोडीला २००३ मधील स्कॉट मॉर्टन, झेटेलमायर आणि सिल्व्हा-रिसो ह्यांचा अभ्यास वाचावा. प्रत्यक्ष दुकानातून खरेदी करणारे कृष्णवर्णीय आणि लॅटिन अमेरिकी वंशाचे ग्राहक सुमारे २ टक्के अधिक किंमत देत असल्याचे त्यांना आढळले. संगणकाच्या जाळ्यावरील मध्यस्थसेवेमार्फत भाव मागविणाऱ्यांत हा फरक जवळजवळ नाहीसा झाला होता. त्या २ टक्क्यांचा बराच भाग उत्पन्न, शिक्षण इत्यादी घटकांनी स्पष्ट होतो, हेही त्यांनी नोंदविले आहे; तेव्हा सारा दोष रंगद्वेषाच्या माथी मारणे योग्य होणार नाही. परंतु माहिती हाती असणे आणि चेहरा आड असणे ह्या दोहोंचा मिळून लाभ होतो, एवढे निश्चित म्हणता येईल.

येथे थोडे स्वतःविषयी सांगणे अपरिहार्य आहे. २०१४ साली मी अमेरिकेच्या मध्यपश्चिमेतील एका विद्यापीठगावात वर्षभरासाठी गेले होते. बस तासातून एकदा, तीही सायंकाळपर्यंतच. मोटारीवाचून गत्यंतर नव्हते. प्रथम यजमानांसह एका विक्रेत्याकडे गेले. तेथील गृहस्थ दीड तास केवळ यजमानांशी बोलत होते. यजमानांना गाडी चालवता येत नाही, हे मी दोनदा सांगितले. तरी किल्ली त्यांच्याच हाती देण्यात आली. नंतर दुसरीकडे दूरध्वनी केला. माझे नाव तीनदा उच्चारून झाल्यावर पलीकडच्या माणसाने त्याचे पहिले अक्षर तेवढे ठेवून स्वतःच एक सोपे नाव मला दिले. त्यानंतरचे सर्व संभाषण त्या नावाच्या बाईशी झाले, आणि तिला सांगितलेला भाव काचेवरच्या पत्रकाहून तसूभरही खाली नव्हता.

तिसऱ्या वेळी मी पाच विक्रेत्यांना एकच ई-मेल लिहिली : गाडीचे नाव, प्रकार, रंग, आणि कर, नोंदणी व सर्व शुल्के धरून दाराबाहेर पडेपर्यंतची एकूण किंमत तपशीलवार कळवावी. एकाने उत्तर दिले नाही. एकाने सर्व बाबी आकड्यांनिशी लिहिल्या. उरलेल्या तिघांची उत्तरे भाषिक दृष्ट्या इतकी सारखी होती की त्यांचा एकच नमुना देता येईल : आपल्या चौकशीबद्दल आभार, ही गाडी आमच्याकडे आहे आणि ती फार काळ राहणार नाही, आपण आज ४ वाजता येऊ शकाल की ६ वाजता अधिक सोयीचे होईल?

विद्यार्थ्यांना वाचन शिकविताना मी हा नमुना पुष्कळदा वापरते. किंमत विचारली होती. उत्तरात किंमत नाही. ती नाही, हे लपवण्यासाठी तिच्या जागी एक प्रतिप्रश्न ठेवला आहे. त्या प्रतिप्रश्नात 'येणार का' हे विचारलेच नाही, ते गृहीत धरले आहे. निवड फक्त ४ आणि ६ ह्यांमध्ये आहे. 'फार काळ राहणार नाही' हे वाक्य गाडीविषयीचे दिसते, पण ते वाचणाऱ्याच्या वेळेविषयीचे आहे. थोडक्यात, ह्या पत्राचे एकमेव कार्य म्हणजे लेखी माध्यम मोडून काढणे आणि वाचणाराला समक्षतेत ओढून नेणे. लेखी व्यवहारात आपले बळ कमी होते, हे विक्रेता जाणतो, ह्याचा हा लेखी पुरावाच आहे.

ज्याने आकडे लिहिले होते त्याच्याकडे मी गेले. अखेरच्या कागदावर एकूण रक्कम ३९९ डॉलरांनी अधिक होती. कागदपत्रांच्या खर्चाची एक नवी ओळ त्यात आली होती. मी ई-मेलची छापील प्रत पुढे ठेवली. त्या गृहस्थांनी ती वाचली, आत जाऊन आले आणि ओळ खोडली. वाद झाला नाही. मात्र एक गोष्ट मनात राहिली. त्यांनी माझ्याकडे नव्हे, कागदाकडे पाहिले होते. मला जे मिळाले ते मी समोर असून मिळाले नव्हते, माझ्या नसण्याने मिळाले होते. लेखनाने ३९९ डॉलर वाचवले. मान दिला असे म्हणता येणार नाही.

कायद्याच्या बाजूनेही लेखाचे वजन जुने आहे. इंग्लंडच्या १६७७ च्या कायद्याने १० पौंड वा अधिक किमतीच्या मालाच्या सौद्यास लेखी पुराव्याची अट घातली. अमेरिकेतील बहुतेक सर्व राज्यांच्या व्यापारसंहितेत ती मर्यादा ५०० डॉलर अशी आढळते. २००० पासून तेथे संगणकीय लेख आणि स्वाक्षरी ह्यांना मान्यता आहे. भारतात माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चा. त्यात २००८ च्या दुरुस्तीने, केवळ संगणकीय साधनाने झाला म्हणून करार अग्राह्य ठरणार नाही, असे स्पष्ट करणारे कलम १०-अ आले. २०१० मध्ये बॉक्साइटच्या पुरवठ्याच्या एका वादात ई-मेलांतून झालेला करार सर्वोच्च न्यायालयाने पक्का मानला. तथापि ग्राहकाने एक सावधगिरी बाळगावी. विक्रीच्या अंतिम छापील कागदावर, 'ह्यापूर्वीचे सर्व बोलणे व लिहिणे ह्यात सामावले आहे' अशा अर्थाचे कलम पुष्कळदा असते. म्हणून ई-मेलमधील प्रत्येक आश्वासन त्या अंतिम कागदावर उतरले आहे की नाही, हे सही करण्यापूर्वी ताडून पाहणे आवश्यक ठरते.

५

हाच विचार भारतात, विशेषतः मराठी ग्राहकाला, जसाच्या तसा लागू होतो काय? माझ्या मते होत नाही, आणि त्याची कारणे अधिक महत्त्वाची आहेत.

आपल्याकडे मोटारखरेदीतील लेखनाचा पूर्वेतिहास वेगळा आहे. उत्तरपाड्याची ॲम्बॅसडर आणि कुर्ल्याची फियाट ह्यांच्या काळात ग्राहक विक्रेत्याला पत्र लिहीत असे, ते भाव पाडण्यासाठी नव्हे, तर क्रमांक लागावा म्हणून. ते पत्र नसून अर्ज होता, आणि त्याची भाषा अर्जदाराची होती : मेहेरबान, कृपावंत, विनंती. १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० बाजारात आली तेव्हाही नोंदणी करून वाट पाहण्याची रीत राहिली. १९९३ मध्ये ह्या उद्योगाची परवानापद्धती संपली आणि हळूहळू विक्रेता ग्राहकाला शोधू लागला. तरी विक्रेत्याला उद्देशून लिहिताना आपली लेखणी अजूनही अर्जाकडे झुकते.

समक्ष आणि तोंडी सौद्याची आपली परंपरा मात्र समृद्ध आहे. जनावरांच्या बाजारात उपरण्याखाली वा रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याची रीत सर्वपरिचित आहे. हा व्यवहार लेखीही नव्हे आणि तोंडीही नव्हे. त्याला स्पर्शाची भाषा म्हणावे लागेल. करपल्लवी आणि नेत्रपल्लवी हे शब्द मराठीने अशाच मूक संभाषणांसाठी राखले आहेत. व्यापाऱ्यांची नंदभाषा हा आणखी एक प्रकार. केवली म्हणजे एक, अवारू म्हणजे दोन, उधानू म्हणजे तीन, असे संख्यांचे तिचे गुप्त शब्द मोल्सवर्थच्या कोशात नोंदलेले आहेत. ह्या सर्वांचे सूत्र एकच : जवळ उभ्या असलेल्या तिऱ्हाइताला भाव कळू नये.

माझे मामा सांगोल्याच्या बाजारातले नावाजलेले पारखी. रुमालाखाली त्यांचा हात गेला की समोरचा दलाल सावध होई, असे मी लहानपणापासून ऐकत आले. परंतु २०१९ मध्ये ते मोटार घ्यावयास निघाले, आणि काचेच्या दारातून आत जाताच गप्प झाले. समोरचा तरुण मुलगा मराठीच होता, पण मोटारीविषयी बोलताना तो इंग्रजी शब्दांच्या एका ठरीव भाषेत बोलत होता. मामा म्हणाले, "तूच लिही गं काय ते." मी तीन विक्रेत्यांना इंग्रजीत लिहिले : दुकानातील मूळ किंमत, नोंदणी व कर, विमा, जोडसामान आणि हाताळणीखर्च ह्यांचे आकडे स्वतंत्र द्यावेत, विमा अन्यत्र घेतल्यास रक्कम किती उतरेल तेही कळवावे. दोघांकडून तपशील आला, हाताळणीखर्चाची ओळ एकाने स्वतःहून काढली, आणि भाव पुष्कळ उतरला. मामांना आनंद झाला. मग थोड्या वेळाने ते म्हणाले, "भाव मिळाला गं, पर केला कुनी?"

ह्या प्रश्नाला माझ्याजवळ तेव्हा उत्तर नव्हते. अमेरिकेतील कृष्णवर्णीय ग्राहकाला लेखनाने जे दिले, ते माझ्या मामांकडून त्याने काढून घेतले. ते लेखन त्यांच्या भाषेतले नव्हते, म्हणून. लेखी माध्यम दुर्बलाचे रक्षण करते हे खरे, परंतु ते ज्या भाषेत चालते ती भाषा येणाऱ्याचेच. उलटपक्षी मौखिक परंपरेचा गौरव करतानाही थांबावे लागते. ज्या रुमालाखाली मामांचा हात गेला, त्याखाली माझ्या आईचा हात कधीही गेला नाही. बैल तिने पोसला असला तरी. समक्षतेच्या बाजारात कोणाला समक्ष होता येते, हे आधीच ठरलेले असते. नियंत्रित बाजारांत उघड लिलावाची पद्धत आणण्यामागे रुमालाखालच्या गुप्ततेला आळा घालण्याचा हेतू होता, तो ह्याच दृष्टीने पाहावा.

शिवाय ई-मेलला चेहरा नसला तरी नाव असते, आणि आपल्याकडे आडनाव हाही चेहराच आहे. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल ह्यांच्या २००७ मधील अभ्यासात समान पात्रतेचे अर्ज निरनिराळ्या नावांनी नोकरीसाठी टपालाने पाठविले गेले. दलित आणि मुस्लिम नावांना बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय हिंदू नावांपेक्षा कमी आढळली. तो अभ्यास नोकरीचा आहे, मोटारीचा नाही. परंतु पत्र पाठवले म्हणजे आपण पूर्णपणे अदृश्य झालो, असे मानणाऱ्याने तो अवश्य वाचावा.

मामांच्या प्रश्नानंतर मी तिसऱ्या विक्रेत्याला, ज्याचे उत्तर आले नव्हते, तेच पत्र मराठीत लिहून पाठवले. मजकूर मामांनी सांगितला, मी लिहून घेतला. दुसऱ्या दिवशी भ्रमणध्वनीवर उत्तर आले. ते मराठीतच होते, पण रोमन लिपीत. मामांनी ते माझ्याकडून वाचून घेतले आणि पुढचे चार निरोप त्यांनी स्वतःच्या आवाजात मुद्रित करून पाठवले. व्यवहाराची लिपी आणि ग्रंथांची लिपी वेगळी असणे आपल्याला नवे नाही. मोडी शतकानुशतके तेच कार्य करीत होती. हा नवा व्यवहार धड लेखीही नाही आणि धड तोंडीही नाही. आवाज मामांचा, आणि तो विरूनही जात नाही. गाडी त्यांनी त्याच माणसाकडून घेतली. भाव आधीच्या दोघांहून फारसा वेगळा नव्हता. मात्र तो त्यांनी केला होता.

६

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात.

पहिला असा की, लेखी, तोंडी आणि समक्ष ह्यांत श्रेष्ठकनिष्ठता नाही, क्रम आहे. किंमत विचारावी ती लेखी; एकाच मजकुराने अनेकांना; एकूण रकमेसह प्रत्येक बाब स्वतंत्र मागून; आणि हा भाव कोणत्या तारखेपर्यंत कायम राहील हे विचारून. मासिक हप्त्याची गोष्ट ह्या टप्प्यावर काढू नये. गाडी शिल्लक आहे की नाही, एवढे तोंडी विचारावे, आणि तोंडी जे ठरेल ते त्याच दिवशी लिहून विक्रेत्याला पाठवावे. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांना विचारून लिहिल्या आणि नागदेवाचार्यांकडून तपासून घेतल्या; ऐकलेले लिहिणे आणि लिहिलेले ऐकणाऱ्याला दाखवणे ही शिस्त आपल्या गद्याच्या आरंभापासूनची आहे. समक्ष जावे ते गाडी पाहण्यासाठी आणि चालवून बघण्यासाठी, कारण गाडीचे वळण, आवाज आणि आसन ह्यांना पत्र पर्याय होऊ शकत नाही. चेसिसवरील क्रमांक आणि बांधणीचा महिना कागदाशी ताडावा तो तेथेच. आणि शेवट पुन्हा लेखी.

दुसरा निष्कर्ष अभ्यासकांसाठी आहे. मौखिकता म्हणजे सामान्यांचे आणि लेखन म्हणजे सत्ताधाऱ्यांचे, अशी जी सोपी विभागणी आपण अनेकदा करतो, ती व्यवहारात टिकत नाही. एकच माध्यम अमेरिकेत एका स्त्रीला मोकळे करते आणि सोलापूरकडच्या एका पारख्याला मुके करते. माध्यमाची सत्ता त्याच्या स्वरूपात नसते. ते कोणाच्या भाषेत चालते आणि लेखणी कोणाच्या हाती असते, ह्यात ती असते.

तिसरा निष्कर्ष म्हणजे खरे तर एक काम आहे. आपल्या विद्यापीठांतून मराठी पत्रलेखन शिकवले जाते ते अर्जाचे आणि कौटुंबिक पत्राचे. दोन समान पक्षांमधील व्यवहाराचे पत्र, ज्यात विनंती नाही आणि अरेरावीही नाही, नेमका प्रश्न आहे आणि उत्तराची मुदत आहे, असे पत्र मराठीत कसे लिहावे, ह्याचा धडा अभावानेच आढळतो. तो धडा असता, तर मामांना माझी गरज पडली नसती. परप्रांतात मराठी शिकवणाऱ्या आम्हां मंडळींना तो प्रथम तयार करता येईल. आमचे विद्यार्थी मराठी परकी भाषा म्हणून शिकतात, आणि विनंती व मागणी ह्यांतला भेद त्यांना समजावून सांगताना तो आम्हांला स्वतःलाही समजत असतो.